पहिले दोन आटे

जुन्या सायकलीवर लिहायचं म्हटलं की ती आजोबांची असावी लागते. तिच्या दांड्यावर बसून लहानपणी कुठेतरी गेलेलं असावं लागतं. माझ्याकडे तसलं काहीच नाही. ही सायकल कुणाची होती, मला ठाऊक नाही. ओळखीतलं एक कुटुंब घर रिकामं करत होतं, मी खोकी उचलायला गेले होते आणि जिन्याखाली ही पडलेली दिसली. "नेतेस का? नाहीतर भंगारातच जाणार आहे," असं कुणीतरी म्हणालं. मी हो म्हणाले. का म्हणाले ते आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक मागच्या चाकाच्या हबमुळे, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या गिअरच्या डब्यामुळे. त्यावरची काळी राळ अंगठ्यानं पुसली तर खालून अक्षरं वर आली. स्टर्मी-आर्चर, ए. डब्ल्यू., आणि बाजूला ६२ ८. म्हणजे हा हब ऑगस्ट १९६२ मध्ये तयार झाला. स्वतःचा जन्ममहिना अंगावर कोरून घेतलेली वस्तू टाकून यायला जीव होईना.

फ्रेमवरचा बिल्ला मात्र गेला होता. हँडलखालच्या नळीवर त्याची दोन भोकं तेवढी उरली होती. त्यामुळे सायकल कुठल्या घराण्यातली हे मला पहिले कित्येक दिवस कळलंच नाही. ते पुढे स्क्रूच्या आट्यांनी सांगितलं, आणि तेही माझं नुकसान झाल्यावर.

पहिली चूक टायरची. जुन्या टायरच्या अंगावरचा मजकूर झिजून '२६' एवढंच वाचता येत होतं. २६ म्हणजे २६ इंच, त्यात आणखी काय बघायचं? मी २६ × १ १/२ असा नवा टायर मागवला. जरा जाड असलेला बरा, हादरे कमी बसतील, असा माझा व्यवहारी विचार. टायरची एक कड झोंबाझोंबी करून कशीबशी रिमवर चढली. दुसरीचा शेवटचा वीतभर भाग काही केल्या आत जाईना. साबणाचं पाणी लावून झालं, गुडघ्याखाली चाक दाबून झालं, दोन टायर लिव्हर मोडून झाले. त्यानंतर मी टायरच्या बाजूला अगदी बारीक टायपात छापलेला दुसरा आकडा वाचला. ५८४. आणि मग रिम मोजली. ५९०.

व्यासात सहा मिलिमीटरचा फरक. घेरात धरला तर जवळपास १९ मिलिमीटरचा. टायरच्या कडेत पोलादी तार असते आणि ती माझ्या हट्टापायी १९ मिलिमीटर लांब होणार नव्हती.

मग मी २६ या आकड्याच्या मागे लागले. '२६ इंची' म्हणवणाऱ्या चाकांची रिम ५५९ असू शकते, ५७१ असू शकते, ५८४, ५९० किंवा ५९७ही असू शकते. पाचही जणांचं नाव २६, आणि एकाचा टायर दुसऱ्याला होत नाही. याचं कारण कळल्यावर मला राग यायच्या ऐवजी हसूच आलं. हा आकडा रिमचा नव्हताच मुळी. तो फुगवलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचा होता, तोही अंदाजे. फ्रेंच लोक हेच मिलिमीटरात म्हणत, ६५०, आणि पुढे अक्षर लावत. 'ए' म्हणजे बारीक टायर, 'बी' त्याहून जाड, 'सी' आणखी जाड. बाहेरची उंची तीच ठेवून टायर जाड करायचा तर आतली रिम लहान करावी लागणार. म्हणून ६५० 'ए' ची रिम ५९०, 'बी' ची ५८४, 'सी' ची ५७१. माझ्या चाकाला हवा होता 'ए', ज्याला इंग्रज २६ × १ ३/८ म्हणतात. मी उत्साहानं 'बी' आणला.

पुढे जाड-बारीक कुणीही कुठल्याही रिमवर चढवू लागलं आणि नावाचा मापाशी असलेला संबंध सुटला. आजच्या ७०० 'सी' चाकाची रिम ६२२ असते. तिच्यावर २५ मिलिमीटरचा टायर चढवला तर बाहेरचा व्यास भरतो ६७२. त्यात ७०० कुठेच नाही. आडनाव पाटील म्हणून कुणी पाटीलकी करत नाही, तसंच हे. अमेरिकेतला शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) हा सायकल मेकॅनिक तर सांगायचा की दोन टायरांवरची मापं गणितानं सारखी असतील, पण एक दशांशात आणि दुसरं अपूर्णांकात लिहिलेलं असेल, तर ते टायर एकमेकांच्या जागी बसत नाहीत असं खुशाल समजावं. आणि खरंच, २६ × १.७५ ची रिम ५५९ आणि २६ × १ ३/४ ची ५७१. पावणेदोन आणि पावणेदोन सारखे नसतात, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर माझे गणितात बरेच गुण वाचले असते.

आता मी टायर घेताना फक्त जोडआकडा बघते. ३७-५९० म्हणजे टायर ३७ मिलिमीटर रुंद आणि रिमवर बसायची जागा ५९० व्यासाची. बाकी त्यावर काय काय लिहिलंय ते कौतुकानं वाचावं आणि सोडून द्यावं.

दुसरा अडसर कॉटरचा. जुन्या सायकलींत पॅडलचा क्रँक मधल्या एक्सलवर पाचरीनं अडकवलेला असतो. ही पाचर म्हणजे कॉटर पिन, बोटभर लांबीची, एका बाजूनं तासलेली. साठ वर्षं गंजत बसलेली कॉटर काढणं म्हणजे दगडातून दात उपटणं. मी नट काढला आणि कॉटरच्या टोकावर हातोडीनं टकटक सुरू केली. टकटक बराच वेळ चालली. कॉटर तसूभर हलली नाही, टोक मात्र अळंबीसारखं पसरू लागलं.

त्या आवाजानं वरच्या मजल्यावरचे काका खाली आले. काका टर्नर, आयुष्य लेथवर गेलेलं, आता निवृत्त. दारात उभं राहून त्यांनी थोडा वेळ बघितलं.

"अगं, कॉटर काढतेयस की सायकलीचा जीव?"

"हलतच नाही हो, काका."

"हलेल कशी? तुझा घाव कुठे जातोय बघ. क्रँक खाली अधांतरी. सगळा दणका आत छर्‍यांना बसतोय. आणि नट कशाला काढलास? आट्यांना झाकण नको?"

ते वर गेले आणि लोखंडी नळीचा एक तुकडा घेऊन आले. नळी जमिनीवर उभी, तिच्या तोंडावर क्रँक टेकवलेला, कॉटरचं जाड डोकं नळीच्या पोकळीत. नट परत टोकापर्यंत चढवला, म्हणजे घाव आट्यांवर न पडता नटावर पडावा. मग जड हातोडा माझ्या हातात दिला. "दहा चापट्या नकोत. एकच दे, पण मनापासून."

एकच दिला. कॉटर 'टण्' करून सुटली. इतक्या सहज, की मला आधीच्या टकटकीची लाज वाटली.

नवी कॉटर घ्यायची म्हणून मी व्हर्नियर लावून आकडा वाचला, "साडेनऊ मिलिमीटर." काकांनी मान हलवली. "तीन सूत म्हण."

इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. हा शब्द मी ऐकला होता, पण ते एक जिवंत माप आहे हे तोवर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. माझ्या व्हर्नियरवर या सायकलीचं प्रत्येक माप वेडंवाकडं येत होतं, ३.९७, ४.७६, ६.३५, १०.३२. जणू बनवणाऱ्याला नीट मोजताच येत नव्हतं. काकांनी कागद घेतला आणि शेजारी लिहीत गेले. ३.९७ म्हणजे सव्वा सूत, हे हँडलच्या कपातले छर्रे. ४.७६ म्हणजे दीड सूत, पुढच्या चाकाचे. ६.३५ म्हणजे दोन सूत, पॅडलच्या एक्सलचे. १०.३२ म्हणजे सव्वातीन सूत, मागच्या हबचा एक्सल. आकडे एकदम शहाण्यासारखे वागू लागले. टायरसुद्धा 'एक इंच तीन सूत' म्हटल्यावर कसा घरचा वाटतो. सायकलीचं मोजमाप पहिल्यापासून नीटनेटकं होतं. मी तिच्याशी भलत्याच भाषेत बोलत होते. सूत जुळणं हा शब्दप्रयोग कुठून आला ते मला माहीत नाही, तो बहुधा धाग्याचा असेल, पण त्या दिवसापासून माझ्यापुरता तो इंचाच्या आठव्या भागाचा झाला.

बाजारातल्या कॉटरी नऊ मिलिमीटरच्याही असतात आणि साडेनऊच्याही, आणि प्रत्येकीचा तासलेला उतार वेगळा. कानशीनं तो उतार घासून दोन्ही बाजूंना अगदी सारखा करावा लागतो. एक कॉटर जास्त घासली गेली तर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत. सायकल चालवताना पायांना ते लगेच कळतं, एक पाय लंगडल्यासारखा वाटतो. मी तीन कॉटरी वाया घालवल्या. हे वाक्य एवढ्यावरच सोडते.

आता हँडल. इथे मी जे केलं ते सांगायला अजून जड जातं.

हँडल फिरवलं की मधोमध, अगदी सरळ रेषेत आल्यावर, ते 'खटक' करून अडायचं. हा जुना रोग आहे. वर्षानुवर्षं चाक सरळ धरून हादरे खाल्ले की छर्रे खालच्या रेसमध्ये, म्हणजे ज्या कड्यावर ते फिरतात त्यात, खळगे पाडतात आणि मग प्रत्येक वेळी त्याच खळग्यांत जाऊन बसतात. मी नवा हेडसेट, म्हणजे हँडलच्या कप आणि रेसचा जोड, मागवला. माप एक इंच. जुनं मापही एक इंच. टायरनं पोळल्यामुळे मी दोनदा मोजून घेतलं होतं. व्यास तंतोतंत.

पुढचं चाक ज्यात बसतं त्या चिमट्याची नळी फ्रेममधून वर येते आणि तिच्या डोक्यावर आटे असतात. त्यांवर वरची रेस फिरवून बसवायची. मी ती हातानं फिरवली. पहिला फेरा लोण्यासारखा गेला. दुसराही. तिसऱ्याला जरा जड झालं. साठ वर्षांचा गंज आहे, होणारच, असं म्हणून मी ग्रीस लावलं. मग पाना घेतला. मग पान्याला नळी अडकवून तो लांब केला. अर्धा फेरा आणखी गेला. हाताला एक विचित्र मऊपणा जाणवला, काहीतरी हार मानतंय असा, आणि बारीक 'कर्र' आवाज आला. रेस उलटी फिरवून काढली तर तिच्यातून चकचकीत धातूचा एक केस लोंबत होता. पातळ, कुरळा, जेमतेम नखाएवढा. तो चिमट्याच्या आट्यांचा होता.

काकांनी तो केस तळहातावर घेऊन दिव्याखाली बघितला. रागावले नाहीत. वरून पिच गेज आणलं. चाकूसारखी उघडणारी बरीच पानं, प्रत्येकाला वेगळ्या अंतराचे दाते. २४ चं पान नळीच्या खालच्या, शाबूत आट्यांवर टेकवलं. दाते आणि आटे यांच्यामधून दिव्याचा उजेड तिरका झिरपत होता. मग २६ चं टेकवलं. दातात दात बसले, उजेड बंद.

"हिचे इंचाला सव्वीस आहेत. तू आणलेले चोवीस."

"पण पहिले दोन फेरे तर छान गेले."

"पहिले दोन आटे सगळ्यांचेच जुळतात," काका म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

हिशेब अगदी साधा आहे. इंचाला २४ आटे असतील तर एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंत अंतर १.०६ मिलिमीटर. २६ असतील तर ०.९८. फरक मिलिमीटरच्या बाराव्या हिश्श्याएवढा. पहिल्या फेऱ्यात तो जाणवतच नाही. दुसऱ्यात जोडणीच्या नैसर्गिक ढिलाईत तो जिरून जातो. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यापर्यंत साठत साठत तो ढिलाईपेक्षा मोठा होतो आणि मग एकाला दुसऱ्याचं अंग कापल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घट्ट होणं हे गंजाचं लक्षण नव्हतं, ते उत्तर होतं. मी ते ऐकायच्या ऐवजी पाना लांब केला. एका नोकरीत मी तीन वर्षं अशीच पाना लांब करत राहिले होते, पण तो विषय वेगळा.

त्या २६ नं आणखी एक गोष्ट सांगितली. स्क्रूच्या आट्यांना पहिली शिस्त लावली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरनं, १८४१ मध्ये. त्याआधी दर कारखान्याचे आटे वेगळे, आणि एका बोल्टचा नट हरवला तर तो त्याच कारखान्यातून आणायचा. व्हिटवर्थच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. सायकलवाल्यांनी पुढे आपले वेगळे ठरवले, कोन ६० अंश आणि बारीक, बहुतेक ठिकाणी इंचाला २६. नंतर पॅडलच्या एक्सलचे कप आणि हँडल यांच्यासाठी बाकीचे इंग्रज कारखाने २४ वर स्थिरावले. नॉटिंगहॅमची रॅले कंपनी मात्र या दोन्ही ठिकाणी २६ वरच राहिली. कारखाना प्रचंड, सुटे भाग घरचे, गिअरचा हबसुद्धा घरचाच, कारण १९०२ पासून नॉटिंगहॅममध्ये बनत आलेली स्टर्मी-आर्चर ही तेव्हा त्यांचीच. ज्याचं सगळं घरात बनतं त्याला दुसऱ्याच्या आट्यांची पर्वा कशाला? बिल्ला नसलेल्या माझ्या सायकलीचं घराणं मला असं कळलं. रॅलेच्या कारखान्यातून दुसऱ्या नावांनीही सायकली बाहेर पडत, त्यामुळे बिल्ल्यावर नेमकं कुठलं नाव होतं हे अजून कोडंच आहे. पण गाव पक्कं.

सायकल फ्रेंच निघाली असती तर यापेक्षा जास्त रडले असते. त्यांच्या जुन्या चिमट्याची नळी २५ मिलिमीटरची, म्हणजे इंचाला ०.४ कमी. हँडलचा दांडा आत जातो तो इंग्रजी २२.२, फ्रेंच २२. पॅडलचे आटे इंग्रजी ९/१६ इंच, फ्रेंच १४ मिलिमीटर. डोळ्यांना सगळं सारखं, पान्याला सगळं वेगळं. पॅडलच्या एक्सलचा उजवा कप तर इंग्रज उलट्या आट्यांचा करतात, कारण पॅडल मारताना त्या कपावर सतत उलटा वळ बसत राहतो आणि आटे साधे असले तर तो हळूहळू सुटतो. जुन्या फ्रेंच सायकलींत तिथे आटे सरळच. स्विस कारागिरांनी फ्रेंचांचंच ३५ मिलिमीटरचं माप घेतलं आणि उजवीकडचे आटे उलटे केले. त्यांचं डोकं चाललं यात शंका नाही, पण स्विस कप आज फार दुर्मीळ.

तर, जखमी आटे. २६ चा डाय, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, काकांकडेही नव्हता. त्यांनी माझ्याकडे जुना लॉकनट मागितला, हँडलच्या डोक्यावर बसणारा, मूळचा.

"हा का?"

"याच्या पोटात सव्वीसच आहेत ना? मग हाच डाय."

त्यांनी नट शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरला आणि करवतीनं मधोमध कापायला घेतला. माझ्या पोटात ढवळलं. माझ्याकडे बरोबर मापाचा तो एकच नट होता. दोन अर्धचंद्र हातात आले. त्यांच्या कडांवरच्या काटेरी शिवणी काकांनी कानशीनं घासून काढल्या, आटे तेलानं पुसले. मग मला सांगितलं, "वरून सुरुवात करायची नाही. वर तू वाट लावली आहेस. खाली शाबूत आटे आहेत, तिथे दोन्ही तुकडे बसव. चांगल्यातून वाईटाकडे यायचं."

दोन अर्धे नळीभोवती खालच्या आट्यांवर टेकवले. ते जागेवर बसताना बोटांना हलकीशी 'टिक' जाणवते, तेव्हाच समजायचं. वरून क्लॅम्प आवळला, फार नाही. मग सगळा जोड नट सोडवायच्या दिशेनं फिरवायचा. अर्धा फेरा वर, पाव फेरा मागे, तेलाचा थेंब. अर्धा वर, पाव मागे. जखमी भागाशी आल्यावर जड झालं. मी थांबले. काका म्हणाले, "आता जड होणं बरोबर आहे." दोन्ही जडपणांतला फरक कसा ओळखायचा, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी माझा हात पान्याच्या टोकावरून काढून नटाच्या अगदी जवळ ठेवला. पाना आखूड धरला की जोर लावताच येत नाही, फक्त कळतं. नट हळूहळू वर आला आणि त्याच्या मागे आटे उभे राहत गेले. दोन आटे कायमचे बोडके राहिले. बाकीचे काम देतात.

नवा हेडसेट बाजूला ठेवला आणि जुन्याच कपांवर काम केलं. खालची रेस जागेवरून ठोकून काढली आणि थोडी फिरवून परत बसवली, म्हणजे वरचे आणि खालचे खळगे समोरासमोर येत नाहीत. 'खटक' पुष्कळ कमी झाली. छर्रे सगळे नवे, सव्वा सुताचे, एका कपात २५. छर्रे बदलायचे तर सगळेच बदलावेत. दोन जुने चांगले दिसतात म्हणून ठेवले तर केसाएवढा मोठा असलेला छर्रा सगळ्यांचं ओझं एकटा उचलतो आणि आधी तोच फुटतो. ग्रीसच्या गादीत एकेक छर्रा चिमट्यानं ठेवत गेले. पंचविसावा हातातून सुटला आणि कपाटाखाली गेला. सापडला नाही. सव्वीसावा होता म्हणून वाचले.

कापलेल्या नटाच्या जागी दुसरा हवा होता आणि पॅडलचा एक्सलही झिजला होता. बाजारात मिळणारा एक्सल बघितला तर त्याचे दोन कोन, म्हणजे छर्रे ज्यांवर फिरतात ते निमुळते भाग, एकमेकांच्या फार जवळ. माझ्या फ्रेमची मधली नळी इतर इंग्रजी सायकलींपेक्षा रुंद, त्यामुळे तो एक्सल आत हरवूनच जात होता. शेवटी दुसरी सायकल सापडली. त्याच घराण्यातली, समोरून ठोकर बसलेली, फ्रेम दुमडलेली. तिचा एक्सल घेतला, लॉकनट घेतला, मागच्या हबचे सव्वातीन सुती नट घेतले. ती उरली सुरली माझ्याकडेच टेकवून ठेवली आहे. लोक माझ्याकडे येऊन म्हणतात, जुनी सायकल वाचवलीस, फार छान. मी त्यांना दुसरी दाखवत नाही.

मागची रिम बदलायचा विचारही केला नाही. इंग्रज पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा घालत. ५९० ची, ४० भोकांची नवी रिम शोधणं म्हणजे आणखी एक वर्ष. जुनीच रिम ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्यात घासली, तारा ओढून सरळ केली. अजून एका जागी ती किंचित नाचते. नाचू दे.

हबनं मात्र काहीच त्रास दिला नाही आणि याचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. तेलाच्या भोकातून पातळ तेल सोडलं, रात्रभर आडवा ठेवला, सकाळी आतली सगळी खिटी-चक्रं 'टिक-टिक' बोलू लागली. आत मधोमध २० दात्यांचं चाक, भोवती २० दात्यांची छोटी चाकं फिरणारी, त्यांच्याभोवती ६० दात्यांचं कडं. एवढ्यात तीन गिअर. खालचा मधल्याच्या तीन चतुर्थांश, वरचा मधल्याच्या एक तृतीयांशानं जास्त. नटाच्या भोकातून डोकावून बघायचं. दुसऱ्या गिअरमध्ये आतल्या साखळीच्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी अगदी सपाट आला पाहिजे. तेवढं साधलं नाही तर दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये पॅडल एकदम पोकळ फिरतं आणि उभं राहून जोर लावत असाल तर हनुवटी हँडलवर येते. माझी आली.

रंग दिला नाही. यावर माझे आणि काकांचे मतभेद आहेत. त्यांना कोरी करकरीत हवी होती. पण फ्रेमवर हातानं ओढलेल्या दोन सोनेरी रेघा आहेत, मागच्या बाजूला एका ठिकाणी ओढणाऱ्याचा ब्रश थोडा घसरलेला दिसतो. त्याच्यावर स्प्रे मारायला माझा हात होणार नाही. गंज काढला, मेण लावलं, बस्स.

चुकीचा ५८४ चा टायर अजून भिंतीवर लटकतो आहे. त्याच्याखाली एका डब्यात माझ्या बाकीच्या चुका, तीन कॉटरी, चोवीस आट्यांचा कोरा हेडसेट, मोडके लिव्हर. कापलेल्या नटाचे दोन अर्धे काकांनी तारेनं एकत्र बांधून दिले आणि पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलं, '१ इंच, २६'. चिठ्ठीच्या मागे, कुणी विचारलं नसताना, '२५.४ मि.मी.' हेही लिहिलं. माझ्यासाठी असावं.

सायकल रोज चालते. तीन दिवसांपासून डाव्या पॅडलच्या प्रत्येक फेऱ्याला एक बारीक 'टिक' ऐकू येतो, पाय खाली जाताना. नवी कॉटर काही दिवस चालवल्यावर थोडी आत बसते आणि नट ढिला पडतो, तेच असेल. आज रात्री आवळून बघते, पाना आखूड धरून.